'प्रोटेक्टेड प्लेअर' म्हणजे राखीव खेळाडू का? आणि एक्स्पान्शनला मराठीत काय म्हणायचं?

भाचा सिएटलला असतो, त्याच्या नादाने मी आइस हॉकी बघायला लागले आणि आता तिथल्या क्रॅकन टीमवर मराठीत लिहायचं मनात आहे. एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगने २०१८ मध्ये सिएटलला टीम मंजूर केली, मालकांनी ६५ कोटी डॉलर भरले आणि २०२१ पासून ती ३२ वी टीम म्हणून खेळतेय. या एक्स्पान्शनला 'विस्तार' चालेल का? आणि नवी टीम जुन्या टीम्समधून खेळाडू उचलते तो एक्स्पान्शन ड्राफ्ट, त्याला काय म्हणू?

प्रतिसाद:
विस्तार अगदी बरोबर, मंत्रिमंडळाचा विस्तार म्हणतोच ना आपण. १९६७ ला एनएचएलने सहाच्या एकदम बारा टीम केल्या, तो विस्तारच. पण मिनेसोटाची नॉर्थ स्टार्स १९९३ ला डॅलसला गेली ते स्थलांतर, टीम तीच, बिऱ्हाड हललं. २००० साली मिनेसोटाला वाइल्ड ही टीम मिळाली तो परत विस्तार. ड्राफ्टला 'मसुदा' मात्र कृपा करून नको, मसुदा कागदाचा असतो, 'निवड फेरी' म्हणा नाहीतर सरळ ड्राफ्ट ठेवा.

आता 'राखीव', हा शब्द मला फार खुपतो. नव्या टीमने उचलू नये म्हणून जुनी टीम सात फॉरवर्ड (आक्रमणवाले), तीन डिफेन्समन (बचाववाले) आणि एक गोली (गोलकीपर) वाचवू शकते (किंवा कुठलेही आठ स्केटर, म्हणजे गोली सोडून बाकीचे खेळाडू, आणि एक गोली), हे प्रोटेक्टेड, म्हणजे टीमचे हुकमी लोक. त्यांना राखीव लिहिलं की अर्थ पार उलटा होतो, कबड्डीत सातजण मैदानात आणि राखीव बाहेर बसलेले, असंच वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर येणार. 'राखलेले' लिहा, आणि बाकीचे 'मोकळे'. मोकळे म्हणजे कच्चे असंही नाही हं, २०१७ ला पिट्सबर्गला एकच गोली राखता येत होता, त्यांनी फ्लूरीला मोकळं सोडलं, वेगासच्या नव्या टीमने त्याला घेतलं आणि पहिल्याच सीझनला फायनल गाठली.

पुन्हा प्रश्न:
राखलेले, मोकळे, दोन्ही आवडले, हेच वापरते. पण मग यूटाच्या टीमला काय म्हणू? २०२४ ला ॲरिझोनाच्या टीमचे खेळाडू सॉल्ट लेक सिटीला गेले, लीगने मात्र यूटाला नवी टीम धरलं.

प्रतिसाद:
तिथे एका शब्दात भागणार नाही. खेळाडूंचं स्थलांतर झालं, टीमची नोंद नवी, जुना इतिहास ॲरिझोनाच्याच नावावर, असं फोडून लिहा. निवड फेरी तिथे झालीच नाही, त्यामुळे राखलेले-मोकळे तिकडे आणू नका.