घरी शिकवा, पण शाळेला शिव्या कशाला? (बडोदा)

चित्रकलेची बाई
काल इथे एक पोस्ट आली, ती वाचून डोकं फिरलं. थोडक्यात सांगते: 6 वर्षांच्या लेकीला बालवाटिकेतून, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गातून काढलं, कला आणि विज्ञान घरीच शिकवतो, हळदीच्या कागदाचा प्रयोग केला, कमाटीबागेतल्या संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा दाखवला, लेक संच्याने पेन्सिल तासायला शिकली. आणि शेवटी टाळीचं वाक्य, 'शाळा मुलांची कल्पनाशक्ती मारते.' खाली बदामांचा पाऊस.

मी 21 वर्षं शाळेत चित्रकला शिकवते. वर्गात 42 मुलं, आठवड्याला एक तास, आणि परीक्षा जवळ आली की तोही गणिताच्या बाई उसना नेतात. परत केलेला आठवत नाही. कल्पनाशक्ती मारायलासुद्धा वेळ लागतो हो, तो कुठून आणू?

घरी शिकवायला माझी ना नाही. पण घरी पोरगी काहीही काढो, आई 'वा!' म्हणणार. वर्गात शेजारचा पोरगा म्हणतो, 'हा घोडा नाहीये, बकरी आहे.' पोर रडतं, आणि पुढच्या वेळी घोड्याची मान नीट बघतं. हे 21 वर्षांत मला शिकवता आलं नाही, ते शेजारचा बाक शिकवतो. ज्या गावाच्या सयाजीरावांनी 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पोरं न पाठवणाऱ्या आईबापांना दंड ठेवला, तिथे शाळा सोडल्याची फुशारकी?

9 जूनची आई
पोस्ट माझीच. सयाजीराव काढलेच आहेत तर ऐका. 1875 साली दत्तक आले तेव्हा 12 वर्षांचे होते. शिकले कुठे? खास नेमलेल्या इंग्रज शिक्षकाकडे, एलियट साहेबांच्या हाताखाली.

चित्रकलेची बाई
आणि तोवर राज्य सांभाळायला दिवाण टी. माधवराव होते. तुमच्याकडे दिवाण आहे का?

दांडिया बाजार, तिसरी पिढी
तुमचं चालू द्या. मला फक्त 'संच्याने पेन्सिल' टोचलं. मराठीत संच्यात आइस्क्रीम करतात, पेन्सिल नाही तासत! गुजरातीतला संचो उचलून आणायचा आणि वर घरी शिकवतो म्हणायचं. माझा नातू फुलपाखराला पतंगियुं म्हणतो. टोकयंत्र म्हणा.

अलकापुरी-पुणे-अलकापुरी
काका, 11 वर्षं पुण्यात काढली. टोकयंत्र एकाच्याही तोंडून ऐकलं नाही. शार्पनर म्हणतात.

दांडिया बाजार, तिसरी पिढी
पुण्याची साक्ष इथे चालत नाही. इंग्रजी चालतं, गुजराती चालतं, मराठी मात्र कानाला लागतं. धन्य!

9 जूनची आई
काका, माझ्या आजीपासून घरात संचोच आहे. आजी याच गावात जन्मली, याच गावात गेली. तिचं मराठी नापास का?

दांडिया बाजार, तिसरी पिढी
आजीला मध्ये आणू नका. आमच्या आईने जन्मभर 'पेन्सिलीला टोक कर' म्हटलं. यंत्राचं नावच काढलं नाही.

फतेगंजचा रंगारी
फाइन आर्ट्समधून बाहेर पडून जमाना झाला, तरी सांगतो. बाई असो की आई, दोघीही पोरांना शिकवताच. शिकवू नका! माझ्या पहिलीच्या बाईंनी हिरवा सूर्य खोडून पिवळा करायला लावला होता. अजून पिवळा रंग हातात घेतला की त्यांचा चेहरा दिसतो. पोराला तांबेकर वाड्यात न्या, भिंतीवरची चित्रं बघू द्या, आणि गप्प बसा.

चित्रकलेची बाई
42 पोरं घेऊन तांबेकर वाड्यात गप्प बसून दाखवा, मग बोलू. एका बाईचा राग किती जणींवर काढणार?

फतेगंजचा रंगारी
झोंबलं वाटतं.

चित्रकलेची बाई
हो, झोंबलं. पुढे?

9 जूनची आई
भांडण आवरा, नीट सांगते. गुजरातेत 2023 पासून पहिलीत जायला 1 जूनला 6 वर्षं पूर्ण लागतात. लेकीचा जन्म 9 जूनचा. 8 दिवसांसाठी वर्ष गेलं. तीच बालवाटिका, तेच ठिपके जोडा, तीच केळी पिवळी रंगवा. दुसऱ्या महिन्यात रोज सकाळी पोटात दुखायला लागलं. काढली.

मग घरी कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवलं, काडीने त्यावर साबणाचं पाणी फिरवलं. लाल रेघ! लिंबू पिळलं की परत पिवळी. सांगितलं, पूर्वी कुंकू असंच करायचे, हळदीला चुना लावून. बाईसाहेब गेल्या देवघरात आणि आजीच्या कुंकवावर लिंबू पिळून आल्या. लालच राहिलं. म्हणाली, 'आजी, तुझं कुंकू खोटं आहे.' सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, पण कुंकू बदललं.

देवमासा तर तुम्हाला माहीतच आहे, मही नदीच्या मुखाशी सापडलेला, 70 फुटांच्या आसपास. 70 म्हणजे किती, हे तिला कळेना. 10 फुटांची दोरी घेऊन पार्किंगमध्ये सात वेळा टाकली आणि खडूने देवमासा काढला. शेपूट तीन स्कूटरखाली गेलं. वॉचमनने तक्रार केली ती वेगळीच. सोसायटीची 11 पोरं जमली. कोणी देवमाशाला दात काढले, तर एक म्हणाला, याला दात नसतात, झालर असते. हमरीतुमरीच झाली.

चित्रकलेची बाई
म्हणजे 8 दिवसांचा राग आहे. मग तसं लिहायचं ना, तत्त्वज्ञान कशाला? राग रास्त आहे, मीही चिडले असते. आणि 11 पोरं, एक देवमासा, दातांवरून भांडण. ताई, आमच्याकडे याला वर्ग म्हणतात. तुम्ही शाळा सोडली नाहीत, पार्किंगमध्ये काढलीत.

9 जूनची आई
बरं बाई, काढली. फी मात्र घेत नाही.

मांजलपूरचा वकील
कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. शिक्षणहक्काचा कायदा 6 ते 14 वयासाठी आहे. पण तो पहिलीपासून लागतो, बालवाटिका त्यात येत नाही. तिथून काढून घरी ठेवलं तर कोणी विचारायला येणार नाही. पुढेही घरीच ठेवायची असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या तिसरी, पाचवी, आठवीच्या पातळीच्या परीक्षा असतात.

9 जूनची आई
जूनमध्ये पहिलीत घालणार आहे हो. तीच रोज विचारते, शाळेत देवमासा काढू देतील का.

चित्रकलेची बाई
माझ्या वर्गात आली तर देईन. गणिताच्या बाईंनी तास नेला नाही तर. सकाळपासून गॅलरीत हळदीचे 42 कागद वाळत घातलेत, नवरा विचारतोय कोणाचं लग्न आहे.

आणि दांडिया बाजारवाले काका, चित्रकलेच्या पेन्सिलीला संचो, टोकयंत्र, शार्पनर काही लावत नाहीत. ब्लेडने तासतात.