‘ओटीपी देऊ नका’ एवढ्याने सायबर युद्ध टळते का?

पाणवठा:
सायबर युद्ध ही देशादेशांमधली बाब आहे. सामान्य माणसाने ओटीपी कोणाला सांगितला नाही आणि अनोळखी लिंक उघडली नाही, तर त्याचे काही बिघडत नाही, असे ‘कोरा कागद’ यांनी परवा या मंचावर लिहिले. वाचून तिडीक उठली, म्हणून सविस्तर लिहितो.

27 जून 2017 रोजी नॉटपेट्या हा संगणक निकामी करणारा व्हायरस सुटला, तेव्हा युक्रेनमधल्या कारकुनांनी कोणता निष्काळजीपणा केला होता? हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरचे रीतसर अपडेट आले, ते त्यांनी आज्ञाधारकपणे घेतले आणि विष शिरले ते त्यातूनच. भांडण रशिया आणि युक्रेनचे, पण मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि आपल्या न्हावाशेव्यातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम अडले. डिसेंबर 2023 मध्ये कीवस्टार या युक्रेनी कंपनीवर हल्ला झाला आणि सुमारे 2 कोटी 40 लाख ग्राहकांचे फोन मुके झाले. त्यांनी कोणाला ओटीपी दिला होता?

कोरा कागद:
आपण सोयीची उदाहरणे निवडली आहेत. नॉटपेट्याच्याच वर्षी, मे 2017 मध्ये, वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आला. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबत बसलेल्यांनी मार खाल्ला. मी एका संस्थेची संगणकव्यवस्था सांभाळतो. तेथे पासवर्ड टेबलाच्या काचेखाली ठेवण्याची परंपरा आहे आणि ती मोडायला मला चार वर्षे लागली.

मे 2025 चे पाहा. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर 15 लाखांहून अधिक सायबर हल्ले झाले आणि त्यांतले 150 यशस्वी ठरले, असे महाराष्ट्र सायबर या राज्याच्या विभागाने सांगितले. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचे संकेतस्थळ विद्रूप झाले. त्यामुळे बदलापूरकरांच्या नळाचे पाणी गेले का? उलट एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार ही अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली आणि सरकारला ती खोटी असल्याचे जाहीर करावे लागले. ती आमच्या घरी शत्रूने नव्हे, माझ्या सख्ख्या मावशीने तीनदा पाठवली.

भांडुपकर:
नळाचे पाणी जात नाही म्हणता? मुंबईची वीज गेली ती 12 ऑक्टोबर 2020 ची सकाळ विसरलात वाटते. मी परिचारिका आहे. टाळेबंदीत लोकल फक्त आमच्यासारख्यांसाठी धावत होती आणि ती घाटकोपर-विक्रोळीच्या मध्ये उभी राहिली. शेवटी रुळांवर उतरून चालत निघालो. माझ्या भाचीची ऑनलाइन परीक्षा त्या दिवशी बुडाली ती वेगळीच. चीनने एका झटक्यात मुंबई बंद पाडली, आणि येथे पासवर्ड कोठे ठेवावा यावर प्रवचन चालले आहे.

जुना वायरमन:
बाई, तुम्हाला झालेला त्रास खरा. त्याचे श्रेय मात्र चीनला फुकट देऊ नका. माझी उभी हयात वीज पारेषणात गेली. त्या सकाळी कळवा-पडघा भागातल्या 400 केव्हीच्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या, उरलेल्यांवर भार गेला आणि अशा वेळी मुंबईला बाकीच्या जाळ्यापासून तोडून तिची वीज चालू ठेवायची आयलँडिंगची व्यवस्था ऐनवेळी कामी आली नाही. याला देखभाल म्हणतात, किंवा तिचा अभाव म्हणतात. आम्ही वर्षानुवर्षे माणसे मागत होतो, ती कोणी दिली नाहीत. आता चीनचे नाव निघाले की सगळ्यांच्याच फायली बंद होतात.

भांडुपकर:
मग 1 मार्च 2021 रोजी राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन 14 ट्रोजन हॉर्सचा, म्हणजे यंत्रणेत लपून शिरणाऱ्या घातक प्रोग्रामांचा, उल्लेख केला, तो काय करमणुकीसाठी?

जुना वायरमन:
आणि त्यानंतर लगेच केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटले, ते? ज्या अमेरिकी कंपनीच्या अहवालावरून हे वादळ उठले, तिने आपल्या वीजक्षेत्रात चिनी घुसखोरीच्या खुणा सापडल्याचे सांगितले, पण मुंबईच्या अंधाराशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, असेही लिहिले. चोर अंगणात दिसला म्हणून दूध त्यानेच सांडले असे होत नाही.

भांडुपकर:
चोर अंगणात दिसला, एवढे तरी कबूल केलेत; उपकार झाले. तो अंगणात कशाला आला होता, पापड वाळत घालायला?

कोरा कागद:
मूळ मुद्दा सामान्य वापरकर्त्याचा होता. आपण दोघे कळव्यातून बाहेर याल का?

पाणवठा:
मीच सांगतो सामान्य वापरकर्त्याचे. जुलै 2024 च्या अखेरीस सुमारे 300 छोट्या बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे यंत्रणा कुलूपबंद करून खंडणी मागणारा, हल्ला झाला, तिला देशाच्या पेमेंट जाळ्यापासून तोडावे लागले आणि त्या बँकांचे यूपीआय व एटीएमचे व्यवहार अडले. माझ्या वडिलांचे निवृत्तिवेतन अशाच एका छोट्या बँकेत जमा होते. औषधाच्या दुकानात पैसे जाईनात, खिशात 70 रुपये होते आणि मागे रांग लागलेली. त्यांना स्मार्टफोन घ्यायला मीच भाग पाडले होते, हे त्यांनी रात्री जेवताना दोनदा ऐकवले.

कोरा कागद:
खंडणीसाठी घातलेला तो दरोडा होता. दरोड्याला युद्ध म्हणू लागलो तर खिसेकापूही शत्रुसैनिक ठरतील.

पाणवठा:
पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट 2018 मध्ये 94 कोटी रुपये गेले. 28 देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्याचा धागा उत्तर कोरियापर्यंत नेला. अण्वस्त्रांसाठी पैसा हवा म्हणून एखादे राष्ट्रच दरोडा घालत असेल, तर त्याची नोंद आपण कोणत्या वहीत करणार? खातेदारांनी सगळी दक्षता पाळली होती असेच धरा. त्याने काय अडले असते?

कोरा कागद:
‘काही बिघडत नाही’ हे माझे वाक्य ‘फारसे बिघडत नाही’ असे वाचावे. याहून अधिक माघार मी घेणार नाही. काचेखालचा पासवर्ड मात्र चूकच आहे.

जुना वायरमन:
घरात हजार-दोन हजारांच्या नोटा आणि एक बॅटरी ठेवा. आणि पुन्हा दिवे गेले, तर चीनला शिव्या घालण्याआधी कळवा केंद्रात किती पदे रिकामी आहेत, तेही विचारा.

भांडुपकर:
विचारले असते, पण तेव्हा फोनला रेंज नसते.