दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचे रंग छपाईत बिघडू नयेत म्हणून काय करावे?

आकाशकंदील: आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ मी करत आहे. गडद निळ्या आकाशावर झेंडूच्या रंगाचा कंदील असे चित्र असून ते ऑफसेटवर, आर्ट पेपरवर (गुळगुळीत, लेप दिलेल्या कागदावर) छापून त्यावर मॅट लॅमिनेशन होणार आहे. तेच चित्र आत मॅपलिथोच्या (बिनलेपाच्या साध्या कागदाच्या) पानावरही घ्यायचे आहे. गेल्या वर्षी निळा जांभळट आणि केशरी मळकट आला होता. छापखान्याने ‘फाइल सीएमवायकेमध्ये द्या’, म्हणजे सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी), पिवळा आणि काळा या छपाईच्या चार शायांत द्या, एवढेच सांगितले आहे. फाइल देण्यापूर्वी नेमके काय तपासावे, आणि मॉनिटर कॅलिब्रेट करण्याचे (त्याचे रंग अचूक करण्याचे) उपकरण घ्यावे का?

चाररंगी: ‘सीएमवायकेमध्ये द्या’ ही सूचना अपुरी आहे, कारण शाईचे तेच चार आकडे आर्ट पेपरवर एक रंग देतात आणि शाई शोषणाऱ्या मॅपलिथोवर दुसराच. रूपांतर करण्यापूर्वी छापखान्याकडून प्रत्येक कागदासाठी आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल) कोणता आणि एकूण शाईची (चारही शायांच्या टक्क्यांच्या बेरजेची) मर्यादा किती, हे लेखी घ्या. उत्तर मिळालेच नाही, तर मी आर्ट पेपरसाठी फोग्रा ५१ आणि मॅपलिथोसाठी फोग्रा ५२ ही छपाईची प्रमाणित मानके धरतो. मूळ आरजीबी (पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतली) फाइल जपून ठेवा व तिच्यावरूनच दोन्ही कागदांसाठी स्वतंत्र फाइली करा. एका सीएमवायकेतून दुसऱ्यात नेऊ नका.

निळ्यात सायन आणि मॅजेंटा जवळजवळ सारखे झाले की तो जांभळ्याकडे झुकतो, म्हणून मॅजेंटाचा आकडा सायनपेक्षा किमान ३० ने कमी ठेवावा; सायन १००, मॅजेंटा ६५, काळा ४० पासून सुरुवात करून पाहा. केशरी मळकट होण्याचे कारण बहुधा रूपांतरात शिरलेला सायन किंवा काळा असतो. कंदिलाच्या सर्वांत उजळ भागावर कर्सर ठेवून चित्राच्या सॉफ्टवेअरमधल्या इन्फो पॅनेलमधले शाईचे आकडे वाचा. तेथे मॅजेंटा ५५, पिवळा १०० आणि बाकी दोन्ही शून्य असावेत. पडद्यावरचा झगझगीत केशरी चार शायांत येतच नाही. तोच हवा असेल तर पाचवी, स्पॉट रंगाची (आधीच मिसळलेल्या वेगळ्या शाईची) प्लेट लावावी लागेल, आणि मंडळाच्या खजिनदारांची संमती आधी घ्यावी लागेल.

शिरोरेखा: आतला मजकूर फक्त काळ्या शाईत १०० टक्के आणि ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापला जाणारा) ठेवावा. वर्डमधून आणलेला काळा अनेकदा चारही शायांत विभागला जातो, आणि प्लेट केसभर सरकली तरी वेलांट्या-उकारांना रंगीत कडा दिसू लागतात. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापणीरेषेबाहेर वाढवलेले चित्र) आणि छापील आकारात ३०० पीपीआय (एका इंचात ३०० पिक्सेल) हे तर हवेच.

चाररंगी: उपकरणाबद्दल सांगायचे राहिले. वर्षाला एकच अंक करत असाल तर ते विकत घेण्याऐवजी तो खर्च चांगल्या प्रूफवर (छपाईपूर्वी काढलेल्या रंगाच्या नमुन्यावर) करा, असे माझे मत आहे. त्याच प्रोफाइलवर काढलेला डिजिटल प्रूफ ५००० केल्विनच्या प्रकाशात पाहावा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या प्रूफच्या फोटोवरून रंग मंजूर करू नये. मॅट लॅमिनेशनने गडद रंगांची खोली कमी होते, त्यामुळे प्रूफच्या एका तुकड्यावर तेच लॅमिनेशन लावून मागा.

आकाशकंदील: आभारी आहे. मंजूर केलेला प्रूफ छापखान्यात ठेवायचा की स्वतःजवळ?

चाररंगी: दोन प्रती काढा. सही केलेली एक प्रत यंत्र चालवणाऱ्याच्या हाती हवी, कारण तो शाई तिच्याकडे पाहूनच कमीजास्त करणार आहे.