ठरत नाही म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेच्या २०२४ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मत कोणाला, या चर्चेत वर एकांनी लिहिलंय की ऑक्टोबर उजाडला तरी ज्याचं ठरत नाही तो एकतर आळशी, नाहीतर लबाड. लबाड असतीलही काही. ठरलेलं असतं, पण जेवणावळीत वाद नको म्हणून गप्प बसतात. माझा पेच निराळा आहे. डेमोक्रॅट हॅरिस की रिपब्लिकन ट्रम्प हा प्रश्नच नाही. एकाला द्यायचं नाही हे पक्कं. दुसऱ्याला द्यायचं की ती जागा कोरी सोडायची, एवढ्यावर तळ्यात-मळ्यात चाललंय.

त्यातून मी राहते न्यू जर्सीत. इथे १९८८ नंतर अध्यक्षपदाचा रिपब्लिकन उमेदवार जिंकलेला नाही, आणि राज्यात जिंकेल त्याला १४ च्या १४ इलेक्टर, म्हणजे राज्यातर्फे अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी. म्हणजे माझं न ठरणं ही निव्वळ चैन. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलं की हवाच बदलते, कारण तिथे लढत अटीतटीची. दार वाजवणारे कार्यकर्ते, टपालात पत्रकांचा ढीग, टीव्हीवर जाहिरातींचा मारा. २०१६ साली त्या राज्यात साठ लाखांवर मतं पडली आणि पहिल्या दोघांत फरक होता साधारण ४४ हजारांचा. २००० साली फ्लोरिडात तर फक्त ५३७ मतांचा! अशा राज्यातला कोणी "बघू" म्हणाला तर मीही चिडेन.

मतदानाला मात्र जाणारच. त्याच मतपत्रिकेवर सिनेट आहे, काउंटी (म्हणजे जिल्हा) आहे, शाळांचा कारभार बघणारं आमचं स्कूल बोर्डही आहे. प्रॉपर्टी टॅक्समधला मोठा वाटा शाळांकडे जातो, आणि त्या उमेदवारांबद्दल इतक्या प्रतिसादांत कोणी एक ओळ लिहिलेली नाही.