स्टारड्यू व्हॅली: पहिल्याच वसंतात वीस फ्लॉवर वाळले, आता उन्हाळा कसा सावरावा?

ऐरोलीकर यांचा प्रश्न

नमस्कार. गेले आठ दिवस मी आणि सहावीत शिकणारी माझी मुलगी मिळून लॅपटॉपवर 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ खेळत आहोत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपनीतून मी साडेआठपर्यंत घरी पोहोचतो, आणि जेवणे आटोपली की नऊ ते दहा हा तास आम्हा दोघांचा असतो. शेताचे नाव तिने 'आजोळ' ठेवले आहे. सुरुवातीला मिळालेल्या 15 पार्सनिपच्या बियांपासून आम्ही हळूहळू साठ वाफ्यांपर्यंत पोहोचलो होतो, तिच्या वहीत रोजचा जमाखर्च लिहिला जात होता, आणि पैसे साठल्यावर तिच्या मनात असलेले सगळ्यात महागडे पीक घ्यायचे असे ठरवून वसंताच्या 18 तारखेला आम्ही फ्लॉवरचे वीस दाणे घेतले. एका दाण्याला 80, म्हणजे एकूण 1,600 गोल्ड गेले.

काल रात्री उन्हाळ्याची पहिली तारीख उजाडली. आम्ही घराबाहेर आलो, तर वीसच्या वीस रोपे तपकिरी होऊन माना टाकून उभी होती. मुलीच्या हातात झारी होतीच. रोजच्या सवयीने तिने पहिल्या वाफ्यात पाणी घातले, माती ओली झाली, रोप मात्र तसेच राहिले, आणि मग ती काही बोलली नाही. मी लॅपटॉप बंद केला. आज तिने खेळायचे नावही काढलेले नाही, याचे मला फार वाईट वाटते आहे.

आमच्याकडे 340 गोल्ड उरले आहेत. शिवाय रोज दुपारपर्यंत एनर्जी संपते आणि पुढचा दिवस नुसता इकडेतिकडे फिरण्यात जातो. आमचे नेमके काय चुकते आहे, आणि एवढ्या पैशांत उन्हाळा उभा राहू शकेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रात्रपाळी यांचे उत्तर

ऐरोलीकर, आधी एनर्जीचे पाहू, कारण माझ्या मते मूळ दुखणे तिथेच आहे. सुरुवातीला आपल्याकडे 270 एनर्जी असते आणि झारी, कुदळ, कुऱ्हाड यांच्या प्रत्येक वापराला 2 खर्च होतात. साठ वाफ्यांना पाणी घालायचे म्हणजे सकाळीच 120 गेले. साधी झारी एकदा भरली की 40 वाफ्यांना पुरते, त्यामुळे मध्ये तळ्यावर एक खेपही होते. त्यानंतर एखादे मोठे झाड बुंध्यासकट काढले तर पंधरा घाव, म्हणजे आणखी 30. अशी तीन झाडे आणि थोडे दगड झाले की दुपारी आपण रिकामे होतो. यात तुमचे काही वेगळे चुकलेले नाही. झारीला जेवढे वाफे झेपतात त्यापेक्षा जास्त वाफे केले, एवढेच झाले. साधी झारी हातात असेपर्यंत मी तीसच्या वर जात नाही.

उन्हाळ्यात दोन गोष्टी तुमच्या मदतीला येतील. उन्हाळ्याच्या 3 तारखेला उत्तरेकडे रेल्वेमार्गाचा भाग मोकळा होतो आणि तिथल्या स्नानगृहाची वाट उघडते. तिथल्या गरम पाण्यात नुसते उभे राहिले तरी एनर्जी भरून येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. सकाळी पाणी घालून खाणीत जा, थकलात की स्नानगृहात या, आणि पुन्हा कामाला लागा. दुसरी गोष्ट म्हणजे उन्हाळ्याच्या 13 तारखेला हमखास वादळी पाऊस असतो. तोपर्यंत खाणीतल्या वरच्या मजल्यांवरून तांबे आणून त्याचे पाच बार तयार ठेवा, आणि 12 तारखेला पाणी घालून झाले की झारी सुधारून घ्यायला क्लिंट लोहाराकडे द्या. तो ती दोन दिवसांनी परत करतो. मधला दिवस पावसाचा असल्याने एकही रोप तहानलेले राहत नाही. या कामाचे तो 2,000 गोल्ड घेतो, ते तोपर्यंत जमले नाहीत तर 26 तारखेलाही असाच पाऊस आहे. वाळलेली रोपे विळ्याने काढा, विळ्याला एनर्जी लागत नाही.

खाडीकाठ यांचे उत्तर

वर रात्रपाळी यांनी झारीचे गणित नेमके मांडले आहे. पण फ्लॉवर का गेले, हे मुलीला समजावून सांगणे मला त्याहून महत्त्वाचे वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचे घर घणसोली गावातले. 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि पुढे या पट्ट्यातली भातखाचरे आणि मिठागरे नव्या शहरासाठी घेतली गेली, हे आपल्याला ठाऊक असेलच. आमच्या आजोबांनी शेवटचा राब भाजला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्यांच्या तोंडी भाताचे दोन शब्द कायम असत: हळवे आणि गरवे. हळवे म्हणजे लवकर तयार होणारे, गरवे म्हणजे दाणा भरायला जास्त दिवस घेणारे. वरच्या खाचरातले पाणी लवकर ओसरते, म्हणून तिथे हळवे लावायचे, आणि खोलगट, पाणी धरून ठेवणाऱ्या खाचरात गरवे. गरव्याचे बी उशिरा पडले तर पाऊस सरतो आणि ओंबी पोचट राहते. बियाण्याची कणगी उघडण्याआधी आजोबा ओटीवर बसून बोटांच्या पेरांवर दिवस मोजत, ते मला अजून दिसते.

खेळातले फ्लॉवर हे गरवे पीक आहे. त्याला 12 दिवस लागतात. पार्सनिपला 4, बटाट्याला 6, ही हळवी पिके. खेळातला प्रत्येक ऋतू बरोबर 28 दिवसांचा असतो आणि ऋतू बदलला की त्या ऋतूचे पीक उभ्या जागी मरते, मग त्याला कितीही पाणी घातलेले असो. आजोबांना पावसाचा अंदाज बांधावा लागे, इथे तो सुद्धा बांधावा लागत नाही. 28 मधून पिकाचे दिवस वजा केले की लावणीची शेवटची तारीख मिळते. फ्लॉवरची 16, बटाट्याची 22, पार्सनिपची 24. आपण 18 ला लावलेत, म्हणजे फक्त दोन दिवसांचा उशीर झाला. किती दिवस लागतील हे बियाण्याच्या पाकिटावर इंग्रजीत लिहिलेले असते, पण दुकानात घाईत ते वाचले जात नाही. माझीही पहिल्या वर्षी वीस नाही तरी नऊ फ्लॉवर अशीच गेली होती.

आता 340 गोल्डचे पाहू. माझा सल्ला असा आहे की पिएरच्या दुकानातून आठ मिरच्या घ्याव्यात. एक बी 40 ला, म्हणजे 320 झाले. मिरची 5 दिवसांत धरते आणि पुढे दर 3 दिवसांनी तोडा देते. आज 1 तारखेला लावली आणि पाणी चुकवले नाही, तर 6 तारखेला पहिला तोडा आणि 27 ला शेवटचा, असे आठ तोडे मिळतात. एका मिरचीचे 40 धरले तरी ऋतूअखेर 2,560 गोल्ड होतात, आणि पुन्हा बी घ्यावे लागत नाही. पहिल्या तोड्याचे पैसे येतील त्यातून चार ब्लूबेरी लावा. 6 तारखेला लावलेली ब्लूबेरी 19, 23 आणि 27 ला प्रत्येक वेळी निदान तीन फळे देते, आणि एका फळाला 50 मिळतात. मात्र शेतावरच्या विक्रीच्या पेटीत टाकलेल्या मालाचे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी येतात, म्हणून त्या दिवशी मिरची थेट पिएरच्या हातात विका, म्हणजे लगेच बी घेता येईल. त्याचे दुकान बुधवारी बंद असते.

वाशीची मावशी यांचे उत्तर

खाडीकाठ यांच्या मिरचीला माझे पूर्ण अनुमोदन आहे, फक्त एक जोडते. पहिल्या तोड्यातली एक मिरची आणि पहिल्या ब्लूबेरींतली एक विकू नका. खेळातल्या गावाच्या कम्युनिटी सेंटरमधल्या उन्हाळी पिकांच्या संचाला टोमॅटो आणि कलिंगडासारख्या मेलनबरोबर या दोन्ही लागतात.

ऐरोलीकर, मुलीला हेही सांगा की या खेळात उशीर झाला म्हणून काही कायमचे हातातून जात नाही. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी खेळातले आजोबा येऊन शेत पाहतात खरे, पण तेव्हा कमी पडले तर नंतर त्यांना पुन्हा बोलावता येते. एरिक बॅरोन यांनी हा खेळ एकट्याने, चित्रांपासून संगीतापर्यंत, चार वर्षांहून अधिक काळ खपून केला आणि तो 2016 मध्ये आला. खेळणाऱ्याला घाई करायला लावावी असे त्यात मला कुठेच दिसले नाही. वाळलेल्या रोपांवर पाणी घालणारी मुलगी शेत चांगलेच सांभाळेल.

ऐरोलीकर यांचे उत्तर

आपण तिघांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. खाडीकाठ यांचे उत्तर मी जेवणानंतर मुलीला मोठ्याने वाचून दाखवले. फ्लॉवरची वजाबाकी तिने स्वतः वहीत करून पाहिली, मग फ्रिजवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला 28 चौकटी आखल्या आणि 6 पासून 27 पर्यंत दर तिसऱ्या चौकटीत लाल पेनाने 'तोडा' असे लिहिले. वाळलेली रोपे तिनेच विळ्याने काढली. त्यातल्या आठ वाफ्यांत मिरच्या लावून, पाणी घालून आम्ही आत्ताच खेळ थांबवला आहे. तेरा तारखेच्या चौकटीत तिने ढग काढला आहे.

खाडीकाठ, तिचा एक प्रश्न आपल्यासाठी आहे. राब भाजायचा म्हणजे नेमके काय जाळायचे, आणि पेरणीच्या आधी जमीन भाजायचीच कशासाठी, असे ती विचारते आहे. मला अर्धवटच सांगता आले. आपण लिहिलेत तर उद्या नऊ वाजता तिला वाचून दाखवीन.