नलिंग इंटरफेरोमेट्री: अवकाशातील मोहिमेची तयारी जमिनीवरून का करतात?

प्रश्न (कोथरूड)

सप्रेम नमस्कार. आमच्या आकाशनिरीक्षण गटात बाह्यग्रहांच्या, म्हणजे परक्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या, शोधावर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि तयारी करताना एका ठिकाणी मी अडले आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्रेसवेल यांनी १९७८ मध्ये अशी कल्पना मांडली की दोन आरशांनी एकाच ताऱ्याचा प्रकाश गोळा करावा, त्यातील एका शलाकेला अर्ध्या तरंगलांबीने मागे ठेवून दोन्ही एकत्र आणाव्यात, म्हणजे तारा स्वतःच्याच प्रकाशाने विझतो आणि किंचित बाजूला असलेला ग्रह उरतो. यालाच नलिंग इंटरफेरोमेट्री म्हणतात, इथपर्यंत समजले. परंतु ती योजना मुळातच अवकाशासाठी होती. पृथ्वीसारखा ग्रह १० मायक्रोमीटरच्या अवरक्त प्रकाशातही सूर्यासारख्या ताऱ्यापेक्षा सुमारे एक कोटीपट अंधुक असतो. वातावरणाखालून तो दिसणारच नसेल, तर हवाईतील केक दुर्बिणींवर किंवा ॲरिझोनातील लार्ज बायनॉक्युलर टेलिस्कोपवर इतकी वर्षे झालेली मेहनत नेमकी कशाची तयारी आहे?

उत्तर (नारायणगाव)

ताई, रेडिओ दुर्बिणींच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये माझी बरीच वर्षे गेली, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. आमच्या शेजारच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. प्रत्येक तबकडीवर आलेली लहर तिच्या कलेसह (फेजसह) टिपता येते, वाढवता येते, आणि तिची इतरांशी सांगड संगणकात सावकाश घालता येते. अवरक्त प्रकाशाला ही सवलत नाही. तो वाढवू गेले तर गोंगाटच इतका मिसळतो की अंधुक ग्रह त्यात बुडून जातो. त्यामुळे दोन्ही शलाका आरशांवरून प्रत्यक्ष आणून त्याच क्षणी एकमेकींवर बसवाव्या लागतात. एकदा चुकलेली जुळणी नंतर आकडेमोड करून पूर्णपणे भरून काढता येत नाही. जमिनीवरचा सराव मुख्यतः या जुळणीचा आहे, असे मला वाटते.

उत्तर (भौतिकशास्त्राचे अध्यापक, सदाशिव पेठ)

वरील मुद्दा योग्यच आहे. त्याला आकड्यांची जोड देतो. आमच्या प्रयोगशाळेत मायकेलसनचा व्यतिकरणमापक (दोन शलाका एकत्र आणून उजळ-काळे पट्टे दाखवणारे उपकरण) वाळूच्या पेटीवर ठेवलेला असतो. एका शलाकेखाली, तिला न शिवता, नुसता तळहात धरला तरी हाताच्या उबेने वर चढणारी हवा पडद्यावरचे पट्टे वाकवते आणि ते सरकू लागतात. रस्त्यावरून मालमोटार गेली की मिनिटभर काही मोजता येत नाही. काळा पट्टा दिसणे सोपे, तो काळाच ठेवणे कठीण, हे विद्यार्थ्यांना त्या एका तासात पटते.

आता हिशेब पाहा. तारा एक लाखपट मंद करायचा असेल, तर १० मायक्रोमीटरवर दोन मार्गांतील फरक सुमारे १० नॅनोमीटरच्या आत राखावा लागतो. शिवाय दोन्ही शलाकांची तीव्रता साधारण एका टक्क्यापर्यंत जुळावी लागते आणि ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा, हीही जुळावी लागते. हे सर्व साधले तरी तारा बिंदू नसून बारीक चकती आहे, म्हणून तिच्या कडांचा प्रकाश गळतोच. दहा पारसेकवरील (सुमारे ३३ प्रकाशवर्षांवरील) सूर्यासारख्या ताऱ्यासाठी, आरशांच्या केंद्रांत १४.४ मीटर अंतर असलेल्या ॲरिझोनातील दुर्बिणीवर ही गळती सुमारे पन्नास हजारांत एक भाग येते. अंतर वाढवले तर बारकावा वाढतो आणि गळतीही वाढते, त्यामुळे आधाररेषा, म्हणजे हे अंतर, किती ठेवायची हा ओढाताणीचा निर्णय असतो.

त्या दुर्बिणीत २.२ मायक्रोमीटरचा प्रकाश पाहून सेकंदाला सुमारे हजार वेळा मार्गफरक दुरुस्त करतात, आणि ग्रहाजवळचे मापन मात्र ११ मायक्रोमीटरवर होते. हवेतील बाष्प या दोन तरंगलांबींना सारखेच मागे टाकत नाही, म्हणून एकीकडे काळोख जुळला तरी दुसरीकडे तो हळूहळू निसटतो. यावर संशोधकांनी जो मार्ग काढला तो मला फार मोलाचा वाटतो: क्षणोक्षणी बदलणाऱ्या गळतीची आकडेवारी साठवायची आणि तिच्या विखुरण्याच्या आकृतीवरून खरी, खगोलीय गळती वेगळी काढायची. ही रीत कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेत आकाराला आली आणि ॲरिझोनात कामी आली.

पृथ्वीसारखा ग्रह जमिनीवरून का दिसत नाही, याचे मोठे कारण मात्र वेगळे आहे. साधारण २८८ केल्विन तापमानाची वस्तू १० मायक्रोमीटरलाच सर्वाधिक उजळते. आरसा, घुमट आणि डोक्यावरची हवा त्याच रंगात चमकत असतात. अवकाशात आरसे थंड ठेवता येतात, इथे नाही.

प्रश्नकर्ती

आभारी आहे, सर. म्हणजे तंत्र शिकण्यापलीकडे जमिनीवरून ताऱ्यांविषयी थेट काहीच कळले नाही, असे समजायचे का?

उत्तर (पाषाण)

तसे मुळीच नाही, आणि आपल्या व्याख्यानात हा भाग अवश्य घ्यावा. १९९८ मध्ये ॲरिझोनातच मल्टिपल मिरर टेलिस्कोपवर याच रीतीने काक्षी तारा विझवून त्याच्याभोवतीची धूळ दाखवली गेली. मोहिमांच्या दृष्टीने धूळ हाच कळीचा प्रश्न आहे. आपल्या सूर्याभोवतीची जी धूळ काळोख्या रात्री राशिचक्रीय प्रकाश म्हणून दिसते, ती १० मायक्रोमीटरला एकत्रितपणे पृथ्वीच्या शेकडो पट उजळते. परक्या ताऱ्यांभोवती ती याहून कितीतरी दाट असती, तर दुर्बीण केवढी बांधायची याचा सगळा अंदाजच कोलमडला असता.

ॲरिझोनातील दुर्बिणीने ‘हॉस्ट्स’ या सर्वेक्षणात ३८ तारे पाहिले आणि अंतिम निकाल २०२० मध्ये आले. दहा ताऱ्यांभोवती धूळ आढळली, अभिजित त्यांतील एक. सूर्यासारख्या ताऱ्यांसाठी धुळीचा मध्यक (मधला आकडा) आपल्या सूर्यमालेच्या सुमारे तीनपट निघाला, आणि ९५ टक्के खात्रीने तो २७ पटींपेक्षा कमी आहे. झुरिचमध्ये आखली जात असलेली ‘लाइफ’ मोहीम, चार आरसे घेऊन अनेक अवकाशयाने एका रचनेत उडवण्याची, अशा आकड्यांवरच आपला हिशेब मांडू शकते. चिलीतील पारानाल वेधशाळेचे ‘नॉट’ हे उपकरण ३.५ ते ४ मायक्रोमीटरमध्ये तरुण महाकाय ग्रह शोधण्यासाठी आहे. तिथे ग्रह इतका अंधुक नसतो, म्हणून जमिनीवरूनही आशा धरता येते.

याने एका रचनेत उडवण्याची गोष्ट मात्र जमिनीवरून शिकता येत नाही. त्यासाठी युरोपच्या ‘प्रोबा-३’ची दोन याने पाहावीत, जी डिसेंबर २०२४ मध्ये श्रीहरिकोट्याहून आपल्या पीएसएलव्हीने गेली आणि १५० मीटरच्या अंतरावर मिलिमीटरच्या अचूकतेने एका रेषेत राहण्यासाठी बांधलेली आहेत. त्यापुढचे नॅनोमीटर यानाच्या आतील सरकत्या आरशांनी सांभाळायचे असतात, आणि हे काम मात्र जमिनीवरच्या दुर्बिणींनी रोज करून पाहिले आहे.

प्रश्नकर्ती

दोन्ही अंगे आता जुळली. वाचताना कळले की ॲरिझोनातील त्याच दुर्बिणीच्या सुरुवातीच्या निरीक्षणांत ज्या ताऱ्याभोवती दाट उबदार धूळ मोजली गेली, तो ईटा कॉर्व्ही आपल्या हस्त नक्षत्रातच आहे, डेल्टा कॉर्व्ही या ताऱ्याच्या शेजारी, अर्ध्या अंशाहून थोड्या अधिक अंतरावर. तो नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका तेजस्वी आहे. शहराच्या उजेडात कठीण जाईल, म्हणून व्याख्यान वैशाखातल्या अमावस्येजवळ ठेवून गटाला पानशेतच्या बाजूला घेऊन जाण्याचे ठरवले आहे.