रोहित बघायला गेलो, गुलाबी रेघ बघून आलो

चरईकर
मंडळी, निवृत्तीनंतर पक्षीनिरीक्षणाचं खूळ लागलंय. रविवारी ठाण्याहून ट्रेन पकडून नवी मुंबईतल्या सीवूड्सला गेलो. पाणथळीवर एक शेकाट्या आणि चार बगळे. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, म्हणाल तर लांब खाडीत नुसती गुलाबी रेघ! १०x५० (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) दुर्बीण नातवाने घेऊन दिलीय, पण हात थरथरतो, काही दिसेना. बायको म्हणते, "त्यापेक्षा खिडकीतली कबुतरं मोजा." चुकलं कुठे?

खाडीकाठ
काका, ओहोटीला गेलात! तेव्हा ते खाडीतल्या चिखलात चरत असतात. भरतीने चिखल बुडाला की विसाव्याला सीवूड्सच्या पाणथळीवर येतात. आधी भरतीची वेळ बघा, मग ट्रेनची. ऐरोलीहून रोहित दाखवणाऱ्या बोटफेरीचंही गणित भरतीवरच असतं.

येऊरवाला
दुर्बीण ८x४२ घ्या. पट कमी, पण चित्र कमी हलतं आणि एका वेळी परिसर जास्त दिसतो. मी स्वतः दहाच्या मोहात पैसे घालवलेत. तोवर हीच कठड्यावर कोपर टेकून धरा.

खाडीकाठ
आणि चोच बघा: गडद लाल, जवळजवळ काळी असेल तर छोटा रोहित, गुलाबी आणि फक्त टोक काळं असेल तर मोठा. उंचीवर जाऊ नका, लांबून फसवते.

चरईकर
अरेच्चा, भरती-ओहोटी! आणि मी बायकोला सांगितलं, पक्षी संपले. शनिवारी तिलाही नेतो.

येऊरवाला
न्या. पण कबुतरं मोजायचं सोडू नका, नजर तिथेच तयार होते.